तिकिटामागील करारनामे

मुंबई शहरात 1874 च्या मे महिन्याच्या 9 तारखेस घोड्यांची ट्राम जेव्हा प्रथम धावली, तेव्हा कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटावरून पायधुणीपर्यंत, अथवा बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे त्याच पायधुणीपर्यंत जाणाऱ्या उतारूकडून तीन आणे घेतले जात. परंतु त्या तीन आण्यांच्या मोबदल्यात त्याच्या हाती कागदाचा एक कपटादेखील पडत नसे. तिकीट ही वस्तू त्या वर्षात पुढे, भाडे दोन आण्यांवर उतरल्यानंतर आणि फुकट बसणाऱ्यांची संख्या कंपनीच्या डोळ्यांत खुपण्याइतकी वाढल्यानंतर, अवतीर्ण झाली. मात्र त्या तिकिटाच्या कितीतरी आधी एक वेगळाच कागद तयार होऊन त्यावर सह्या पडल्या होत्या. 1873 मध्ये स्थापन झालेली बॉम्बे ट्रामवे कंपनी, शहराची म्युनिसिपालिटी आणि मेसर्स स्टर्न्स अँड किट्रेज नावाची पेढी ह्या तीन पक्षांमध्ये करारनामा झाला, त्याच्या अनुरोधाने मुंबई इलाख्यात ट्रामवेसंबंधीचा कायदा झाला, आणि मगच रस्त्यावर रूळ पडले. तिकिटावाचून ट्राम काही काळ चालू शकली. करारनाम्यावाचून ती एक हातभरही पुढे सरकली नसती.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची ही हकीकत प्रारंभीच सांगण्याचे प्रयोजन असे की, मोबाइल यंत्राने वाहतुकीचा आणि पैशाच्या देवघेवीचा जो कायापालट आपल्या देखत घडवून आणला, त्याचे वर्णन करताना सर्व श्रेय त्या यंत्रास देण्याची प्रथा पडून गेली आहे. यंत्र दिसते, ते हातात असते, ते प्रकाशते, बोलते आणि दर दोन वर्षांनी नवे घ्यावे लागते. त्यामुळे लेखकाचे आणि वाचकाचे लक्ष त्याच्यावर खिळावे ह्यात नवल नाही. परंतु रिक्षाच्या दांडीला टांगलेल्या त्या काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या क्यूआर चौकोनाकडे मोबाइल रोखणारा उतारू ज्या सोयीचा उपभोग घेत असतो, ती सोय बँका, सरकारी उपक्रम, खाजगी कंपन्या आणि नियामक मंडळे ह्यांनी आपसांत केलेल्या, बहुधा त्या उतारूच्या दृष्टीस कधीही न पडणाऱ्या करारांतून उत्पन्न झालेली असते. ते करार कोणी केले, कोणत्या शर्तींवर केले, आणि ते मोडले तर रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचे काय होते, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय. आणि त्यासाठी मुंबईइतके सोयीचे क्षेत्र दुसरे मला दिसत नाही, कारण येथे वाहतुकीचे प्रकार अनेक, मालक अनेक, आणि गर्दी अशी की, कोणत्याही योजनेतील वैगुण्य दुपारपर्यंत उघडे पडते.

ह्या बदलाचे स्वागत लोकांनी इतक्या उत्साहाने का केले, ह्याचे कारण पुष्कळदा प्रगतीच्या आवडीत शोधले जाते. मला ते कारण सुट्या पैशांत सापडते. एसटीच्या गाडीतून ज्याने प्रवास केला आहे त्यास कंडक्टरने तिकिटाच्या पाठीवर लिहून दिलेली बाकी ठाऊक आहे. उतरण्याच्या घाईत ती मागण्याचे विसरणे, आठवल्यास गाडी सुटून गेलेली असणे, आणि न विसरता मागितल्यास कंडक्टरच्या चेहऱ्यावर आपण जणू त्याच्या खाजगी मिळकतीवर दावा लावला आहे असा भाव उमटणे, ह्या तिन्ही अवस्था मराठी माणसाने भोगलेल्या आहेत. कंडक्टरचाही ह्यात दोष थोडाच होता. पहाटेच्या फेरीस निघालेल्या माणसास प्रत्येक उतारूने मोठी नोट पुढे केली तर त्याने सुटे आणावे कोठून? मुंबईच्या बसमध्ये हाच तंटा, फक्त अधिक घाईत आणि अधिक धक्काबुक्कीत, चाले. टॅक्सीत आणि रिक्षात तर तो भाड्याच्या एक-दोन रुपयांचा कायमचा कर होऊन बसला होता. 2016 च्या नोव्हेंबरातील 8 तारखेस पाचशेच्या आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा मोबाइलने पैसे देण्याच्या पद्धतीस मोठी चालना मिळाली हे खरे. पण नोटा पुन्हा मुबलक झाल्यावरही लोक त्या पद्धतीस चिकटून राहिले ते ह्या जुन्या, क्षुद्र आणि म्हणूनच असह्य कटकटीतून झालेल्या सुटकेमुळे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष मोबाइलवरील तिकिटाचा मुंबईतील इतिहास 2014 च्या अखेरीस, उपनगरी रेल्वेच्या यूटीएस नामक ॲपपासून सुरू होतो. तत्पूर्वी कुपनांची पुस्तिका आणि स्थानकावरील शिक्का मारणारे यंत्र, आणि त्यामागून स्मार्ट कार्डावर चालणारे तिकीटयंत्र, असे दोन प्रयोग खिडकीसमोरील रांग तोडण्यासाठी होऊन गेले होते; त्यांपैकी पहिला, शाई उमटली नाही म्हणून दंड भरावा लागलेल्या प्रवाशांच्या तक्रारींसह, इतिहासजमा झाला. यूटीएसनेही आरंभी अर्धीच मजल मारली. तिकीट मोबाइलवर घ्यावयाचे आणि पुन्हा स्थानकावरील यंत्रातून कागदावर छापून घ्यावयाचे, अशी ती विलक्षण व्यवस्था होती. पुढील वर्षी कागदाची अट सुटली. अट सुटताच निराळाच प्रश्न उभा राहिला. तिकीट जर हातातल्या यंत्रात क्षणार्धात तयार होत असेल, तर तपासनीस डब्यात शिरलेला पाहूनच ते काढण्याचा मोह प्रवाशास का होऊ नये? म्हणून उपग्रहाच्या साहाय्याने प्रवाशाचे स्थान पाहून, तो रुळांच्या अगदी निकट असल्यास तिकीट नाकारण्याची योजना करण्यात आली. त्यावर, स्थानकात आलेल्यास तिकीट काढता यावे म्हणून तेथे लावलेल्या क्यूआरचे छायाचित्र मोबाइलमध्ये जपून ठेवण्याचा तोडगा काही चतुर प्रवाशांनी काढला. 1874 मधील फुकट्यांच्या ह्या वंशजांची कल्पकता रेल्वेच्या अभियंत्यांपेक्षा कमी होती असे म्हणवत नाही.

परंतु यूटीएस हा एका घराचा कारभार होता. गाडी रेल्वेची, तिकीट रेल्वेचे, ॲप रेल्वेच्याच माहिती-केंद्राने बांधलेले. भागीदारीच्या बळावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचे खरे स्वरूप 2014 मध्येच टॅक्सीच्या क्षेत्रात पाहावयास मिळाले. उबर ही अमेरिकन कंपनी 2013 मध्ये बंगळूरमार्गे भारतात आली तेव्हा तिचा सारा डौल असा होता की, उतारूने खिशात हातच घालू नये. प्रवास संपताच त्याच्या कार्डावरून भाडे आपोआप वळते व्हावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे मात्र कार्डावरील प्रत्येक व्यवहारास दुसऱ्या एका खातरजमेची, म्हणजे ओटीपीसारख्या साधनाची जोड आवश्यक होती, आणि परदेशातून पैसे वसूल करून ही अट टाळण्याची कंपनीची रीत बँकेस मान्य नव्हती. 2014 च्या ऑगस्टात बँकेने आज्ञापत्र काढून ऑक्टोबरअखेरची मुदत घातली. नोव्हेंबरात उबरने पेटीएमशी करार केला: उतारूने पेटीएमच्या पाकिटात आधी, नियमाप्रमाणे खातरजमा करून, पैसे भरून ठेवावेत आणि भाडे त्यातून कापले जावे. नियमाचे पालनही झाले आणि डौलही राहिला. ह्याहून मौजेची गोष्ट पुढल्या मे महिन्यात हैदराबादेत घडली. जगभर रोकड वर्ज्य मानणाऱ्या ह्या कंपनीने तेथे, जगात प्रथमच, चालकाच्या हाती नोटा देण्याची मुभा उतारूस दिली. परदेशी यंत्रविद्या आपल्या देशाला वळण लावते असे मानणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ह्या प्रसंगी तरी वळण कोणी कोणास लावले हे स्पष्ट आहे.

2016 च्या एप्रिलात, मुंबईतच, रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन ह्यांच्या हस्ते यूपीआयचा आरंभ झाला आणि ऑगस्टअखेरपासून बँकांची ॲप्स लोकांच्या हाती आली. वरवर पाहता ही पैसे पाठवण्याची एक पद्धती. वस्तुतः तो शेकडो बँकांना एकाच वेळी बांधून घेणारा एक सार्वत्रिक करार होय. अंधेरी स्थानकाबाहेरून कोणी रिक्षा केली आणि किमान भाड्याचे 26 रुपये चालकास मोबाइलवरून दिले, तर त्या 26 रुपयांच्या प्रवासात कोण कोण सहभागी असतात ते पाहण्यासारखे आहे. उतारूच्या हातातील ॲप एका कंपनीचे असते. त्या कंपनीस स्वतःच्या नावे बँकव्यवहार चालवता येत नाही, म्हणून तिने एखाद्या बँकेचा आश्रय केलेला असतो. उतारूचे खाते आणखी एका बँकेत असते. चालकाचे तिसऱ्या बँकेत. त्याच्या रिक्षात ‘पैसे मिळाले’ असे घोषणेसारखे ओरडणारा डबा, ज्याचे मासिक भाडे त्यास भरावे लागते, तो चौथ्याच कंपनीचा. ह्या सर्वांमध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही बँकांनी मिळून स्थापिलेली संस्था निरोप्याचे काम करते. आणि दिवसातून अनेक वेळा बँकांमधील परस्पर येणेदेणे रिझर्व्ह बँकेच्या दप्तरात चुकते होते. चालक चौकोनाकडे बोट दाखवून मागच्या रिक्षासाठी जागा करून देतो तेवढ्या अवधीत ही सारी मंडळी आपापले काम करून मोकळी झालेली असतात.

झवेरी बाजारातील सराफाची हुंडी शेकडो कोसांवरच्या पेढीवर वटत असे, तीही अशाच परस्परविश्वासाच्या जाळ्यावर. फरक हा की, हुंडी घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यास त्या जाळ्यातील प्रत्येक पेढीचे नाव, तिची पत आणि बहुधा तिच्या मुनीमाचा स्वभावही ठाऊक असे. रिक्षातल्या उतारूस ह्यांपैकी एकही नाव माहीत असण्याची गरज राहिलेली नाही, आणि 2025 च्या ऑगस्टात एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार ह्या मार्गाने झाले ते ह्या अज्ञानाच्या सोयीमुळेच.

अज्ञान सोयीचे असते ते सर्व काही सुरळीत चालू असेपर्यंत. 2020 च्या मार्च महिन्यातील 5 तारखेस संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारास पन्नास हजारांहून अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली. ज्यांचे त्या बँकेत खाते होते ते हवालदिल झाले हे स्वाभाविकच. परंतु ज्यांचा त्या बँकेशी जन्मात संबंध आला नव्हता अशा असंख्य लोकांचा फोनपे त्याच रात्री मुका झाला, कारण त्या ॲपचा यूपीआय व्यवहार ज्या एका बँकेच्या आश्रयाने चाले ती बँक हीच होती. आपले पैसे दुसऱ्या बँकेत सुरक्षित असताना ते आपणास देता का येत नाहीत, हे भाजीवाल्यास, चालकास किंवा उतारूस समजावून सांगणारे कोणी नव्हते. सुमारे एका दिवसात आयसीआयसीआय बँकेच्या साहाय्याने ती सेवा पुन्हा उभी करण्यात आली, आणि ज्या चपळाईने ती उभी झाली तिचे कौतुकच केले पाहिजे; पण एकाच खांबावर एवढी मोठी द्वारका उभी होती ही गोष्ट त्या रात्रीपर्यंत किती जणांच्या लक्षात आली होती?

दुसरा प्रसंग अधिक संथ आणि म्हणूनच अधिक बोधक आहे. 31 जानेवारी 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेस नव्या ठेवी स्वीकारण्यास मनाई केली. प्रथम फेब्रुवारीअखेरची आणि मग 15 मार्चची मुदत देण्यात आली. त्या दिवसानंतर तिच्या पाकिटात, तिने दिलेल्या फास्टॅगमध्ये आणि तिच्या नावाच्या प्रवासकार्डात नवे पैसे भरणे बंद झाले. जे शिल्लक होते ते संपेपर्यंत वापरावे एवढीच सवलत राहिली. एका बँकेच्या अंतर्गत शिस्तीचा प्रश्न टोलनाक्यावरच्या रांगेत आणि मेट्रोच्या फाटकाशी येऊन उभा राहिला तो असा. ह्या वेळी मुदत मिळाली, पर्यायी बँका ठरल्या, पेटीएमचे यूपीआय ग्राहक ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक ह्यांच्याकडे सोपवण्यात आले. चार वर्षांपूर्वी जिचे खचणे दुसऱ्यास भोवले तीच येस बँक आता आधार देणाऱ्यांत होती, हा दैवदुर्विलास नोंदवून ठेवण्याजोगा आहे. ह्या दोन प्रसंगांवर मी इतका रेंगाळलो ह्याचे कारण, प्रवाशाच्या दृष्टीने भागीदारीची परीक्षा ती जुळते त्या समारंभात होत नसून ती विस्कटते त्या दिवशी होते, आणि आपल्याकडील बहुतेक लेखन समारंभापाशीच थांबते.

येथे एक शंका उपस्थित होईल. यूपीआयसारखी व्यवस्था काही वर्षांत रिक्षारिक्षांत पोहोचली, तर सर्व वाहनांस एकच तिकीट ही त्याहून पुष्कळ जुनी मागणी का रेंगाळली? माझे उत्तर असे आहे की, यूपीआयमध्ये करार एकदाच, वरच्या पातळीवर, सर्व बँकांसाठी सारख्या शर्तींवर होऊन गेला. चालकास कोणाशीही वाटाघाट करावी लागली नाही, त्याने केवळ एक कागदी चौकोन चिकटवला, आणि पैसे गाडीच्या मालकाकडे न जाता त्याच्याच खात्यात जमा झाले. नैरोबी शहराचा अनुभव ह्याच्या नेमका उलट आहे. एम-पेसाच्या रूपाने 2007 पासून मोबाइलवरून पैसे पाठवण्यात जगाला धडे देणाऱ्या त्या देशात, मटाटू नामक खाजगी बसगाड्यांमधून रोकड हद्दपार करण्याचा प्रयत्न 2013-14 मध्ये मोठ्या गाजावाजाने झाला. गूगल आणि इक्विटी बँक ह्यांनी मिळून काढलेले बेबापे नावाचे कार्ड त्यात अग्रभागी होते, सरकारनेही जुलै 2014 ची मुदत घातली, आणि तरीही 2015 मध्ये ते कार्ड गुंडाळावे लागले. मटाटूच्या मालकास दिवसाकाठी एक ठरीव रक्कम मिळे आणि वरची कमाई चालक-वाहकाची असे. कार्डामुळे सारी प्राप्ती मालकाच्या आणि करखात्याच्या डोळ्यांसमोर येणार, इंधनाला आणि रस्त्यावरच्या शिपायाला लागणारी रोजची रोकड मात्र हाती राहणार नाही, हे गाडीवरील लोकांनी तत्काळ ओळखले. करारात ज्यांना कोणी विचारलेच नव्हते त्यांनी आपला नकार कार्ड न स्वीकारून कळवला. हाँगकाँगमध्ये 1997 साली ऑक्टोपस कार्ड यशस्वी झाले, त्याच्या मुळाशी तेथील प्रमुख वाहतूक कंपन्यांनी तीन वर्षे आधी स्थापन केलेली संयुक्त कंपनी होती. कार्ड मागाहून आले. भांडणे आधी मिटवून घेतलेली होती.

मुंबईत भांडणे मिटवण्याचे काम कार्डावर आणि ॲपवर सोपवण्याची प्रवृत्ती दिसते. राष्ट्रीय पातळीवर एकच प्रवासकार्ड असावे म्हणून 4 मार्च 2019 रोजी अहमदाबादेत ज्या योजनेचा प्रारंभ झाला, तिचे मुंबईतील कार्ड 19 जानेवारी 2023 रोजी मेट्रो 2अ आणि 7 ह्या मार्गांबरोबर ‘मुंबई 1’ ह्या नावाने आले. कल्पना निर्दोष, पण मुंबईच्या प्रवाशांचा सर्वांत मोठा लोंढा ज्या लोकलमधून वाहतो तिच्या स्थानकांना स्वयंचलित फाटकेच नाहीत, आणि फाटक नसेल तर कार्ड टेकवावे कोठे? पुलावरून, फलाटाच्या टोकावरून, बाजारातून आत येणाऱ्या वाटा ज्या स्थानकांना आहेत तेथे फाटके बसवणे हे स्थापत्यशास्त्राचे काम आहे आणि गर्दीच्या वेळी ते जिवावरचे काम ठरेल. म्हणून लोकलपुरता मोबाइलवरील तिकिटाचाच मार्ग मोकळा राहिला. 8 ऑक्टोबर 2025 रोजी ‘मुंबई वन’ हे ॲप प्रसृत झाले (नावांच्या बाबतीत आमच्या सरकारी संस्था काटकसरी आहेत, तेच नाव दुसऱ्यांदा उपयोगात आणले गेले) आणि त्यात मेट्रोचे विविध मार्ग, मोनोरेल, उपनगरी रेल्वे, बेस्ट, तसेच ठाणे, नवी मुंबई, मिरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली ह्यांच्या बससेवा अशा अकरा सेवा एकत्र आल्या. अकरा संस्थांना एका दस्तऐवजावर आणणे ही ज्याने मुंबईचा कारभार जवळून पाहिला आहे त्याच्या दृष्टीने लहान कामगिरी नव्हे.

तथापि एका चौकोनात अनेक तिकिटे बसवणे निराळे आणि एक भाडे ठरवणे निराळे. लोकलचे भाडे रेल्वे बोर्ड ठरवते, आणि दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे 5 रुपयांवर दीर्घकाळ स्थिर आहे. बेस्टचे किमान भाडे जुलै 2019 मध्ये 5 रुपयांपर्यंत खाली आणले गेले आणि 9 मे 2025 पासून साध्या बसला 10, वातानुकूलित बसला 12 असे झाले. त्यास महानगर प्रदेशाच्या परिवहन प्राधिकरणाची संमती लागते. मेट्रोचे भाडे केंद्रीय कायद्याखालील स्वतंत्र समितीच्या कक्षेत येते. ह्या शेवटच्या विषयात भागीदारीचा कटू अनुभव मुंबईने घेतलेला आहे. वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मेट्रो 8 जून 2014 रोजी सुरू झाली ती रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर 69, एमएमआरडीए 26 आणि परदेशी चालक कंपनी 5 टक्के अशा भांडवलाच्या कंपनीकडून. मूळ करारात भाडे 9 ते 13 रुपये लिहिलेले असताना कंपनीने 10 ते 40 रुपयांचा तक्ता पुढे केला, आणि ज्या दोन भागीदारांची नावे एकाच फलकावर होती ते न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. गाडी धावत होती, प्रवासी चढत-उतरत होते. भाडे किती योग्य हे मात्र वकील सांगत होते. अशा इतिहासाच्या पार्श्वभूमीवर, डोंबिवलीहून लोकलने, मग मेट्रोने आणि शेवटी बसने जाणाऱ्यास तिन्ही टप्पे मिळून सवलतीचे एकच भाडे आकारावयाचे झाल्यास, सवलतीची तूट कोणाच्या ताळेबंदात मांडावयाची ह्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ॲपच्या रचनाकाराकडे मागणे अन्यायाचे होईल.

बेस्टची कथा ह्या संदर्भात स्वतंत्र विवेचनास पात्र आहे. 7 ऑगस्ट 1947 रोजी, स्वातंत्र्यास आठवडा उरला असताना, शहराच्या महानगरपालिकेने खाजगी कंपनीकडून जो उपक्रम विकत घेतला, त्या उपक्रमाने अलीकडच्या वर्षांत बसगाड्या आणि त्यांचे चालक कंत्राटदारांकडून भाड्याने घेण्याची रीत स्वीकारली, आणि 2021 च्या डिसेंबरापासून मोबाइलवरील तिकीट, कार्ड व गाडीचा थेट ठावठिकाणा ह्यांची व्यवस्था चलो नामक कंपनीकडे दिली. गाडी कोठवर आली हे थांब्यावर उभ्या असलेल्या माणसास कळू लागले ही उपकारक गोष्ट. नियोजनाच्या दृष्टीने तिचे मोल सुटे पैसे वाचण्यापेक्षा शतपट अधिक आहे. परंतु 2022 मध्ये एका कंत्राटदाराने मध्येच काम सोडले तेव्हा थांब्यावरच्या त्याच माणसास मोबाइलवर काय दिसावयाचे? न आलेल्या गाडीचा ठावठिकाणा कोणतेही यंत्र दाखवू शकत नाही. गाडी एकाची, चालक त्याचाच नोकर, तिकीट दुसऱ्याच्या यंत्रावर, मार्ग आणि पाटी मात्र बेस्टची, अशा वाटणीत तक्रार कोणाकडे करावयाची हे सांगणारे वाक्य प्रत्येक करारात असले पाहिजे, आणि ते वाक्य प्रवाशास वाचावयास मिळाले पाहिजे, एवढा आग्रह मी धरीन.

भागीदारी वाढत जाते, तशी ती उलगडतही जाते, ह्याचे नवे उदाहरण पुन्हा रिक्षांच्या क्षेत्रातलेच आहे. 18 फेब्रुवारी 2025 पासून उबरने भारतातील रिक्षांच्या भाड्यातील आपला हिस्सा सोडला. चालकाने कंपनीस ठरीव वर्गणी द्यावी आणि भाडे उतारूकडून थेट, रोख अथवा यूपीआयने, घ्यावे अशी व्यवस्था आली. बंगळुरात नम्म यात्री ह्या ॲपने चालकांच्या संघटनेस बरोबर घेऊन ही वाट आधी चोखाळली होती. दहा वर्षांपूर्वी पैशाच्या वसुलीसाठी पाकिटवाल्या कंपनीचे साहाय्य शोधणारी संस्था आता वसुलीतूनच अंग काढून घेते, ह्याचा अर्थ मधल्या काळात देशाने एक सार्वजनिक पैसावाट बांधून दिली असा होतो. मात्र ती वाट फुकट चालते असे समजणे भोळेपणाचे ठरेल. 2020 च्या जानेवारीपासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. खर्च बँका सोसतात, काही सरकार भरून देते, आणि ॲपवाल्या कंपन्या आज पदरमोड करतात ती उद्या कर्जे आणि विमे विकता यावेत म्हणून. ह्या कंपन्यांपैकी दोघींच्या हाती व्यवहारांचा सुमारे चार-पंचमांश भाग एकवटला आहे. कोणीही तीस टक्क्यांच्या पलीकडे जाऊ नये अशी मर्यादा 2020 मध्ये घातली गेली आणि तिच्या अंमलाची मुदत पुढे सरकत 2026 च्या अखेरीस जाऊन ठेपली.

ज्याच्याकडे मोबाइल नाही, किंवा जिच्याकडे आहे पण तो मुलाच्या नावाचा आहे, अशांविषयी येथे दोनच शब्द लिहितो, कारण त्यांच्यासंबंधी करुण रसाने ओथंबलेले लेखन विपुल आहे आणि उपाय साधा आहे: खिडकी बंद करू नये. रोकड स्वीकारण्याचे बंधन वाहतूक-सेवेच्या परवान्यातच घातले की प्रश्नाचा बराच भाग मिटतो. त्याहून बिकट प्रश्न नोंदीचा आहे. कंडक्टरने टोचलेले तिकीट उतारूचे नाव जाणत नसे. मोबाइलवरील तिकीट नाव, वेळ, चढण्याचे ठिकाण आणि पैसे कोठून आले हे सर्व जाणते, आणि ते एकाच दप्तरात राहत नाही, तर जितके भागीदार तितक्या दप्तरांत राहते. 2023 मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. पण वाहतुकीच्या करारांत ह्या माहितीची मालकी कोणाकडे, आणि करार संपल्यावर भागीदार कंपनी ती पुसून टाकते की बरोबर नेते, ही कलमे जाहीर निविदांच्या परिशिष्टांत शोधावी लागतात. ती शोधण्याची चिकाटी वृत्तपत्रांनी दाखवावी.

ह्या विवेचनाची व्याप्ती मी हेतुतः मुंबई आणि तिच्या परिसरापुरती ठेवली आहे. महामार्गावरील टोल, मालवाहतूक आणि विमानप्रवास ह्यांची गणिते निराळी असून त्यांचे पक्षकारही निराळे. पेटीएमच्या प्रसंगात फास्टॅगचा उल्लेख आला तो अपरिहार्य म्हणून. पुण्याची मेट्रो आणि पीएमपी ह्यांच्यामधील जुळवाजुळव अद्याप घडत असल्याने तिच्यावर निर्णय देणे उतावीळपणाचे होईल. ज्या वाचकास यंत्राच्या तांत्रिक बाजूची धास्ती वाटते त्याने ती बाजू सोडून द्यावी आणि भाडेनिश्चिती, कंत्राटे व वसुलीची वाटणी ह्यांपासून अभ्यासास आरंभ करावा. ज्यास बँकव्यवहारात गोडी आहे त्याने 5 मार्च 2020 च्या रात्रीपासून करावा. आणि ज्यास दोन्हींचा कंटाळा असेल त्याने बेस्टच्या एखाद्या आगारात दुपारी, पाळी बदलण्याच्या वेळी, कंडक्टर लोक दिवसाचा हिशेब देत असतात तेथे जाऊन उभे राहावे. रोख किती, मोबाइलचे किती, आणि यंत्राने दाखवलेल्या बेरजेशी पिशवीतली बेरीज जुळत नसेल तर फरक कोणाच्या पगारातून, ह्याची चर्चा तेथे ऐकावयास मिळेल.